पन्नास मिनिटं

शरयूने टाइपरायटरमधला कागद ओढून काढला आणि आधीच्या दोन कागदांसारखाच चुरगळून टोपलीत टाकला. तिन्ही कागदांवर एकच वाक्य होतं : ‘शनिवारी दुपारी साडेतीन वाजता प्रयोगशाळेचा निकाल हाती आला आणि चार वाजून वीस मिनिटांपर्यंत गावातल्या प्रत्येक रस्त्यावर सूचना पोहोचली होती.’ वाक्यात खोटं काही नव्हतं. साडेतीन खरे होते, चार वीसही खरे होते. तरी त्या पूर्णविरामाच्या पुढे तिची बोटं सरकत नव्हती.

रविवारची सकाळ होती, फेब्रुवारी शहाऐंशीची. बाहेर तिचा नवरा विनय ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसत होता आणि नऊ वर्षांची मुलगी दीपा खिडकीला नाक लावून त्याच्या चुका मोजत होती. टाइपरायटरशेजारी हॉब्स यांचं पत्र उघडं पडलं होतं. हॉब्स राज्यातल्या नगर प्रशासकांच्या संघटनेचं वार्तापत्र काढत. आठ पानांचं ते मासिक मॅसॅच्युसेट्समधल्या साडेतीनशे टाउन हॉलमध्ये जाई. कोण निवृत्त झालं, कोणाला बढती मिळाली, कुठल्या गावाने कराची बिलं कॉम्प्युटरवर काढायला सुरुवात केली, असा सगळा मजकूर असे आणि शेवटच्या पानावर रिकाम्या जागांच्या जाहिराती. सगळे प्रशासक ते शेवटच्या पानापासून वाचत. शरयूही तशीच वाचायची.

‘गेल्या ऑगस्टमध्ये तुमच्या पाण्यात जंतू सापडले,’ हॉब्सनी लिहिलं होतं, ‘तेव्हा तुम्ही पन्नास मिनिटांत सगळ्या गावाला सावध केलंत. राज्याकडून तुम्हाला कौतुकाचं पत्र आल्याचं ऐकतो. त्या पन्नास मिनिटांवर बाराशे शब्द लिहून द्याल का? इतर गावांना उपयोग होईल.’

वेस्ट हॅलम हे वूस्टरजवळचं अकरा हजार वस्तीचं गाव. शरयू मिराशी तिथे असिस्टंट टाउन मॅनेजर होती. सांगलीहून लग्न होऊन आलेली, इथे येऊन पुन्हा कॉलेजात जाऊन लोकप्रशासनाची पदवी घेतलेली, सात वर्षांत रस्त्यांपासून दफनभूमीपर्यंत सगळ्या खात्यांच्या फायली तोंडपाठ केलेली. ऑगस्टमध्ये टाउन मॅनेजर फ्रँक मॅलोनी मेन राज्यातल्या कुठल्याशा तळ्यावर मासे धरायला गेला होता आणि आठवडाभर गाव तिच्या हवाली होतं.

तिने चौथा कागद घातला. मग लिहिलं : ‘ही गोष्ट शनिवारी साडेतीनला सुरू होत नाही. ती शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होते.’

त्यानंतर तिचे हात थांबले नाहीत.

शुक्रवारी चार दहाला पाणीखात्याचा रे कोवाल्स्की तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. प्रयोगशाळेचा फोन आला होता. आठवड्याच्या नमुन्यात जंतू निघाले होते. “लगेच दुसरा नमुना घेऊन पाठवतो,” रे म्हणाला. “निकाल उद्या दुपारी. लोकांना आत्ताच सांगायचं का, ते तुम्ही ठरवा.”

नियमाप्रमाणे दुसऱ्या निकालापर्यंत थांबायची मुभा होती. शिवाय वर्षभरापूर्वी असंच झालं होतं. पहिल्या नमुन्यावर विसंबून त्यांनी गावाला पाणी उकळून प्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की बाटलीच अस्वच्छ होती. बेकरीवाल्याने दोनशे पावांचं पीठ फेकून दिलं होतं. गावसभेत लोक हसले होते, काही चिडले होते आणि फ्रँक तिला म्हणाला होता, “पुढच्या वेळी आधी खात्री करा, मग बोला.”

म्हणून ती थांबली. रात्र गेली, सकाळ गेली. शनिवारी दुपारी मैदानावर मुलांच्या बेसबॉलची सहल होती. तिथे नळाच्या पाण्यात ढवळलेलं लिंबू सरबत पिंपं भरून ठेवलं होतं. साडेतीनला निकाल आला. टाकीचं झाकण वादळात सरकलं होतं आणि पाणी खरोखरच दूषित होतं. मग मात्र तिने पोलिसांच्या गाड्या भोंगे लावून गल्लोगल्ली फिरवल्या, रेडिओवर सांगितलं, चर्चमध्ये निरोप पाठवले. पन्नास मिनिटांत दवंडी पिटून झाली.

अकरा मुलं आजारी पडली. दोघांना एक रात्र इस्पितळात ठेवावं लागलं. सोमवारपर्यंत सगळी बरी झाली. डॉक्टर म्हणाले, सरबतही असेल, बटाट्याचं सॅलडही असेल, सांगता येत नाही. राज्याला पाठवायच्या अहवालात शरयूने दुसऱ्या निकालापासूनच्या वेळा लिहिल्या, कारण छापील फॉर्ममध्ये तेवढ्याच रकान्यांची सोय होती. शुक्रवारचा फोन रे आणि तिच्याखेरीज गावात कोणाला माहीत नव्हता. महिन्याभराने ते कौतुकाचं पत्र आलं. फ्रँकने ते काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगलं. तिला रोज त्याच्यासमोरून जावं लागे.

बाहेर फावड्याचा आवाज थांबला. शरयूने शेवटच्या परिच्छेदात अजून एक वाक्य लिहिलं, ते वाचलं आणि कागद पालथा ठेवला.

विनय आत आला, बूट झटकले, चहाचा कप घेऊन तिच्या समोर बसला. त्याने न विचारता कागद उचलले. तो वेस्टबरोला एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर होता आणि कुठलाही मजकूर चूक शोधायच्या नजरेने वाचायचा. आज त्याला वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“हे तू पाठवणार आहेस?”

“बहुतेक.”

“कॉलर्टनचा इंटरव्ह्यू कधी आहे तुझा?”

“एकोणीस मार्च.”

कॉलर्टन हे पलीकडचं गाव. तिथे टाउन अॅडमिनिस्ट्रेटरची जागा रिकामी झाली होती. जाहिरात त्याच वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर आली होती. शेवटच्या पाच जणांत शरयूचं नाव होतं आणि तिच्या अर्जाला राज्याचं ते पत्र जोडलेलं होतं.

“म्हणजे टायमिंग काय आहे बघ ना,” विनय म्हणाला. “त्याच लेटरवर तुला शॉर्टलिस्ट केलंय आणि तू लिहितेस की ते लेटर चुकीचं आहे.”

“चुकीचं नाही. अर्धं आहे.”

“ठीक आहे, अर्धं. इंटरव्ह्यू होऊ दे, मग पाठव. एक महिना थांबलं तर कोणाचं काय बिघडतंय?”

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं. त्याने चहाचा घोट घेतला आणि शेवटच्या कागदावर बोट ठेवलं. “आणि ही लाइन तरी काढ. बाकीचं एक वेळ चालेल. जजमेंट कॉल होता, नियमात बसत होतं, कोणीही समजून घेईल. पण ही लाइन वाचल्यावर कोणी समजून घेणार नाही, शरयू.”

ती ओळ अशी होती : ‘त्या शुक्रवारी संध्याकाळी मी माझ्या घरी प्यायचं पाणी उकळून घेतलं.’

विनयला त्या वेळी तिने काही सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, असंच, पोट बरं नाही. दीपाने जेवताना पेला तोंडाला लावला होता आणि तोंड वाकडं केलं होतं. “आई, व्हाय इज द वॉटर वॉर्म?” त्या प्रश्नाचं उत्तरही तिने दिलं नव्हतं.

“ती ओळ नसेल तर मी हे कशाला लिहितेय?” शरयू म्हणाली.

विनय उठला, कप सिंकमध्ये ठेवून बराच वेळ नळाखाली धुवत राहिला.

लेख पाठवला तेव्हा तिला वाटलं होतं की हॉब्स तो छापणारच नाहीत. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात छपाईची मुद्रितं आली, सोबत चिठ्ठी : दुरुस्त्या करून शुक्रवारपर्यंत परत पाठवा, एप्रिलच्या अंकात घेतो. लांबट कागदावर, छापील अक्षरांत, ती ओळ टाइप केलेल्या ओळीपेक्षा जास्त काळी दिसत होती. शरयूने पेन्सिल घेऊन तिच्यावर बारीक रेघ मारली. मग खोडरबराने रेघ पुसली. दुपारी ऑफिसचं दार लावून तिने हॉब्सना फोन केला.

“एक ओळ काढावी म्हणते,” ती म्हणाली.

“कुठली ते मला माहीत आहे,” हॉब्स म्हणाले. त्यांचा आवाज वयस्क होता, सिगारेटी ओढून खरखरीत झालेला. “तुमचा लेख, तुमची मर्जी. काढलीत तरी मी छापीन. मी एकोणीस वर्षं हे वार्तापत्र काढतोय, मिसेस मिराशी. जुने अंक चाळून बघा. या राज्यातल्या एकाही गावात आजवर काही बिघडलेलं नाही. सगळीकडे सगळं वेळेवर झालंय.”

तिला हसू आलं. हॉब्स हसले नाहीत.

“शुक्रवारच्या आत टपालात टाका,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुद्रितं तिने तशीच परत पाठवली. फक्त ‘कोवाल्स्की’मधलं चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं. त्याआधी तिने लेखाची एक प्रत रेला दिली होती आणि एक फ्रँकला. रेने लेख उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाला, “माझी काही हरकत नाही. मलाही बोलता आलं असतं त्या दिवशी.” फ्रँकने दार बंद करून वाचला. बाहेर आल्यावर त्याने लेख तिच्या टेबलावर ठेवला. दोन दिवस तो तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “खात्री करा म्हणून मी सांगितलं होतं, तेही तुम्ही लिहायला हवं होतं.”

“ते लिहिलं असतं तर तुमच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं.”

“ढकलायचंच ना थोडंसं,” फ्रँक म्हणाला. भिंतीवरची चौकट त्याने त्याच संध्याकाळी उतरवली. कुठे ठेवली, हे तिने विचारलं नाही.

सांगायचं राहिलं होतं ते एकाच ठिकाणी. इस्पितळात ठेवलेल्या दोन मुलांपैकी एक वाचनालयातल्या मिसेस डन यांचा धाकटा मुलगा होता. दीपाला पुस्तकं काढून देणाऱ्या, तिचं नाव अचूक उच्चारणाऱ्या गावातल्या त्या पहिल्या बाई. दुसरं कुटुंब हिवाळ्यात फ्लोरिडाला निघून गेलं होतं. त्यांना शरयूने पत्र लिहिलं. मिसेस डनना पत्र लिहिणं म्हणजे तोंड चुकवणं झालं असतं. शनिवारी सकाळी वाचनालय उघडल्याबरोबर ती काउंटरसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. घरचं पाणीसुद्धा.

मिसेस डन यांच्या हातात परत आलेल्या पुस्तकांची चळत होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

“तो सोमवारी बरा झाला,” त्या म्हणाल्या.

“हो. मला माहीत आहे.”

“शनिवारची रात्र मी त्याच्या उशाशी बसून काढली. नक्की काय झालंय ते कोणी सांगत नव्हतं.” त्यांनी चळत छातीशी धरली. “तुम्हाला शुक्रवारीच माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुमच्या मुलीला तुम्ही ते पाणी दिलं नाहीत.”

“नाही.”

मिसेस डननी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. “मला ही पुस्तकं लावायची आहेत,” त्या म्हणाल्या आणि कपाटांच्या रांगेत गेल्या. पुढे किती तरी आठवडे दीपाची पुस्तकं दुसऱ्याच बाई शिक्का मारून देत होत्या.

एकोणीस मार्चला शरयूने निळा सूट घातला आणि स्वतः गाडी चालवत कॉलर्टनला गेली. टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर लांब टेबलामागे निवड समितीचे पाच जण बसले होते. अध्यक्षा मिसेस अॅबट म्हणून होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. अर्धा तास अर्थसंकल्प, कामगार करार, नवीन शाळेची इमारत यांत गेला. शरयूची उत्तरं नीट होत होती आणि ती नीट होताहेत हे तिला कळत होतं. मग कडेला बसलेल्या गृहस्थांनी फाइल उघडली आणि हसून म्हणाले, “आता आमच्या आवडीचा प्रश्न. पन्नास मिनिटं. ते कसं जमवलंत, सांगा.”

शरयूने पेल्यातलं पाणी प्यायलं. मग शुक्रवारी चार दहापासून सांगायला सुरुवात केली.

तिने घरच्या उकळलेल्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या गृहस्थांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं होतं. मिसेस अॅबट तिच्याकडे वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे बघावं तशा बघत होत्या, रागाने नव्हे.

“हे तुम्ही आम्हाला का सांगितलंत?”

“पुढच्या महिन्यात ते छापून येतंय. तुम्ही वाचणारच आहात.”

“आणि छापून येणार नसतं तर?”

सोयीचं उत्तर समोर तयार होतं. “तर बहुधा सांगितलं नसतं,” ती म्हणाली.

कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. मिसेस अॅबटनी कागदावर काहीतरी लिहिलं, दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त नसावं.

पत्र दहा दिवसांनी आलं. इतक्या गुणी उमेदवारांतून निवड करणं कठीण गेलं वगैरे नेहमीचं. विनयने ते वाचून घडी घातली आणि काही बोलायच्या आत शरयूच म्हणाली, “मला वाईट वाटतंय. पण जितकं वाटेल असं वाटलं होतं, तितकं नाही.”

“तू काल झोपेत बोलत नव्हतीस,” विनय म्हणाला.

“मी झोपेत बोलते?”

“ऑगस्टपासून. टाइम सांगायचीस. चार दहा, साडेतीन. मी म्हटलं, कशाला सांगू.”

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

एप्रिलचा अंक आला. लेख पाचव्या पानावर होता. चौथ्या पानावर नव्या बर्फगाडीचा फोटो होता. शरयूला वाटलं होतं गहजब होईल, निदान गावचं साप्ताहिक तरी उचलेल. काही झालं नाही. केप कॉडकडच्या एका प्रशासकाचं दोन ओळींचं कार्ड आलं. वार्षिक अधिवेशनात एक ओळखीचे गृहस्थ तिला टाळून कॉफीच्या रांगेतून निघून गेले आणि दुसरे एक जण मुद्दाम येऊन, हात हातात घेऊन, हवापाण्याबद्दल बोलले. साप्ताहिकाच्या संपादकाला तिने स्वतःच अंक नेऊन दिला, तेव्हा त्याने विचारलं, “झाकणाला आता कुलूप आहे का?” आहे म्हटल्यावर त्याने आतल्या पानावर चार इंची बातमी दिली. मिसेस डन यांचा नवरा एकदा टाउन हॉलमध्ये आला, गाडीचा कर भरला, तिच्या दाराशी क्षणभर थांबला आणि निघून गेला. जूनमध्ये कधीतरी दीपा पुस्तकं घेऊन आली आणि म्हणाली, “मिसेस डन सेज हाय.” शरयू भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि “टू यू ऑर टू मी?” असं चक्क इंग्रजीतच विचारलं.

“आय डोन्ट नो,” दीपा म्हणाली. “जस्ट हाय.”

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला शरयू शाळेच्या बसचे मार्ग नकाशावर आखत बसली होती. फोन वाजला. पलीकडचा आवाज तरुण होता आणि मुद्दाम सावकाश बोलत होता.

“मिसेस मिराशी, आपण भेटलेलो नाही. मी पीटर लिंडग्रेन. कॉलर्टनचा टाउन अॅडमिनिस्ट्रेटर.”

नाव तिला ठाऊक होतं. वार्तापत्राच्या जूनच्या अंकात, नेमणुकांच्या सदरात, तिसऱ्या ओळीत तिने ते वाचलं होतं.

“बोला.”

“प्रयोगशाळेचा फोन आला होता. पाच मिनिटं झाली. आमच्या नमुन्यात जंतू निघालेत. पाणीखात्याचे लोक म्हणतात, दुसऱ्या निकालापर्यंत थांबावं. गावच्या निवडून आलेल्या मंडळाचे एक सभासद आत्ता माझ्यासमोर बसलेत, तेही तेच म्हणतात. परवापासून गावची जत्रा आहे. मला इथे चार महिनेसुद्धा झालेले नाहीत.” त्याचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. “मी बायकोला फोन लावत होतो. घरी तान्हं बाळ आहे, दुधाचं पाणी उकळून घे म्हणून सांगायला. तीन आकडे फिरवले आणि रिसीव्हर खाली ठेवला. मग तुम्हाला लावला.”

शरयूने नकाशा बाजूला सारला.

“कागद आहे?”

“आहे.”

“लिहून घ्या. पहिलं वाक्य, पाणी उकळून प्या. कारण नंतर. लोक पहिलं वाक्यच ऐकतात. मग लिहा, ही पहिली तपासणी आहे, दुसरीचा निकाल उद्या येईल, पाणी चांगलं असण्याचीही शक्यता आहे. लपवू नका. रेडिओला आधी फोन करा, मग शाळांना, मग वृद्धाश्रमांना. शाळेतले पिण्याचे नळ झाकायला सांगा. तुमच्याकडे पोलिसांच्या गाड्या किती?”

“तीन.”

“दोन पुरतील. एक राखून ठेवा.”

तो लिहीत होता. पेनाचा आवाज येत होता. मधेच त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि कोणाशी तरी बोलला. दुसरा आवाज चढला होता. मग पीटर परत आला.

“ते म्हणतात, खोटा इशारा ठरला तर गाव मला सोडणार नाही.”

“सोडणार नाही,” शरयू म्हणाली. “आमच्याकडे बेकरीवाला वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता.”

पीटर एकदाच, श्वास सोडल्यासारखा हसला. “ठीक आहे,” तो म्हणाला. “मी रेडिओला लावतो.”

“आणि पीटर, रेडिओला सांगून झालं की बायकोलाही करा फोन.”

त्या दिवशी तिचं बसच्या मार्गांत लक्ष लागलं नाही. अकराला दहा कमी असताना तिने टेबलावरचा रेडिओ लावला. कॉलर्टनची सूचना चालू होती. पहिलं वाक्य बरोबर होतं. फ्रँक दारात येऊन ऐकत उभा राहिला आणि संपल्यावर तिच्यासाठी कॉफी घेऊन आला. सात वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच केलं होतं.

बुधवारी दुपार टळली तरी पीटरचा फोन आला नाही. विनयने त्याच्या ऑफिसमधून फोन करून दोनदा विचारलं. “काही कळलं?” “नाही अजून.” “तू फोन कर ना.” “त्याला कामं असतील.” पाच वाजले, लोक घरी निघाले. शरयूने कोट चढवला, पर्स खांद्याला लावली आणि तेवढ्यात फोन वाजला.

“स्वच्छ आहे,” पीटर लिंडग्रेन म्हणाला. “पुन्हा घेतलेले दोन्ही नमुने. पहिल्या बाटलीचाच काहीतरी घोळ होता.”

शरयू कोटासकट खुर्चीत बसली.

“लोक काय म्हणतात?”

“काय म्हणायचं ठेवलंय? आजपर्यंत दोनशेच्या वर फोन आलेत. जत्रेच्या समितीने बर्फाच्या गोळ्यांची ऑर्डर कॅन्सल केली, ते नुकसान माझ्या पगारातून कापा म्हणतात. हॉटेलवाल्याने सूप ओतून दिलं, त्याचं भांडं मला आणून दाखवलं. मंडळाची सभा सोमवारी आहे, तिथे मला भाजून काढणार आहेत.”

“मिसेस अॅबट असतील ना सभेला?” तिने विचारलं. नाव तोंडातून निघून गेल्यावर तिला वाटलं, उगीच विचारलं.

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

“तुम्हाला वाटलं असेल, तुमचा लेख मी कुठे वाचला,” तो म्हणाला. “मी वार्तापत्र शेवटच्या पानापासून वाचतो आणि जाहिरातींच्या पुढे कधी जातच नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मिसेस अॅबट माझ्या ऑफिसात आल्या. पाचवं पान कापून आणलं होतं. म्हणाल्या, हे वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. या बाईंना आम्ही घेतलं नाही. तीन विरुद्ध दोन. मी त्या दोनांत होते.”

खिडकीबाहेर टाउन हॉलच्या हिरवळीवर कोणीतरी पाण्याचे फवारे चालू केले होते. उन्हात ते पांढरे दिसत होते. शरयूने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“मी हे सांगायला नको होतं बहुतेक,” पीटर म्हणाला.

“नाही, बरं झालं सांगितलंत,” शरयू म्हणाली. “सोमवारी सभेत जास्त बोलू नका. वेळा तेवढ्या सांगा. फोन किती वाजता आला, रेडिओवर किती वाजता गेलं.”

“साडेदहाला पाच कमी असताना आला. अकराला दहा कमी असताना गेलं.”

“पंचवीस मिनिटं,” शरयू म्हणाली.

“त्यातली आठ तुमच्याशी बोलण्यात गेली.”

दोघंही थोडं हसली. फोन मात्र कोणी ठेवला नाही. पलीकडे त्याच्या ऑफिसात अजूनही दुसरा फोन वाजत होता, कोणीतरी उचलून “हो, हो, पाणी चांगलं आहे,” असं पुन्हा पुन्हा सांगत होतं.

“काल रात्री झोप लागली का?” शरयूने विचारलं.

“मला?” पीटरने जरा आठवून बघितलं. प्रश्नाचं त्याला नवल वाटलं असावं. “हो. लागली की.”

“छान,” ती म्हणाली आणि रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला.